अध्यक्षांवरची आभाळाची मर्जी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा आत खुद्द सोसायटीचे अध्यक्षच होते. "घाबरू नका, मी अध्यक्ष आहे!" असं ते आतून ओरडत होते. घाबरलेलं दुसरं कुणी नव्हतंच.

ते बाहेर येईपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या इतिहासाच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर एक चित्र टाकलं होतं. रेशमी झग्यातला चिनी सम्राट आणि त्याच्या धडावर अध्यक्षांचं चष्म्यासकट डोकं. खाली मजकूर होता: 'प्राचीन चीनमध्ये राज्य करण्याचा अधिकार आभाळ देत असे. पूर, भूकंप, दुष्काळ आला की लोक समजत, आभाळाची मर्जी उडाली, आता राजा बदला. आमची लिफ्ट बंद आहे.'

सगळ्यात आधी हसरा चेहरा टाकला होता तो अध्यक्षांच्या बायकोने.

"तू कशाला हसलीस?" घरी आल्या आल्या अध्यक्षांनी विचारलं.

"चष्मा छान दिसतोय हो झग्यावर."

अध्यक्षांनी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका, इंटरनेटवर हल्ली हाच विनोद चालतो. कुणाचा संघ हरला, कुणाचा साहेब जिन्यात घसरला की लोक हेच लिहितात."

पण रविवारी निवडणूक होती आणि पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर उभे होते. अध्यक्षांना त्या खुर्चीची इतकी सवय झाली होती की ती गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्यांना कळेना. बायकोचं म्हणणं साधं होतं. मुलगी परदेशी बाळंत झाली होती, बॅग भरून कपाटावर ठेवली होती आणि दर वेळी पंप, रंग, गटार असं काहीतरी काम निघायचं आणि जाणं रद्द व्हायचं.

"निवडून आलो की लगेच जाऊ," अध्यक्ष म्हणाले.

"नातू स्वतःच्या पायांनी येईल आता भेटायला," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष फाटकाशी उभे होते आणि वर पाहतात तर गच्चीवर चक्क इंद्रधनुष्य. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'आभाळाची मर्जी शाबूत आहे!'

प्लंबरही त्याच ग्रुपवर होता. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, 'साहेब, आभाळात ऊन आहे. पाऊस कुठाय? ते गच्चीवरच्या पाइपाचं पाणी उडतंय.'

तोवर टाकी रिकामी झाली होती. साबण लावून उभ्या राहिलेल्या माणसांनी ग्रुपवर जे लिहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्लंबरने जोड आवळला आणि डोकं खाजवत म्हणाला, "असा आपोआप सैल होत नाही खरं तर."

"मग?"

"मग काय सांगू? मर्जी."

रविवारी सकाळी पुन्हा पाणी गेलं. सभेला निम्मे लोक अंघोळीशिवाय आले होते आणि बाकीचे त्यांच्यापासून लांब बसले होते. अध्यक्षांनी आपल्या कारकिर्दीतली कामं वाचायला सुरुवात केली. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, आधी पाणी!" हात वर झाले आणि डॉक्टर अध्यक्ष झाले. माजी अध्यक्षांच्या बायकोचा हात कुणाच्या बाजूने होता, ते गर्दीत दिसलं नाही.

त्या दिवसभरात फोन एकदाही वाजला नाही. माजी अध्यक्षांनी तो दोनदा बंद करून चालू केला. त्यांना फार वाईट वाटत होतं. संध्याकाळी मात्र त्यांच्या डोक्यात एक विचार आला. आभाळाची मर्जी डॉक्टरांवरून तरी का उडू नये? त्यांनी पान्याची पेटी उघडली. पाना नव्हता.

नुसत्या हातांनी जमेल या आशेवर ते गच्चीवर गेले. पाइपाशी बायको बसली होती. पदर खोचलेला, हातात त्यांचा पाना.

"अगं, तू?"

"मग तुम्हाला काय वाटलं? आभाळाला एवढा वेळ आहे?"

"म्हणजे लिफ्टपण..."

"छे! लिफ्ट आपली आपण बंद पडली हो. बाईंचं ते चित्र पाहिलं आणि मग सुचलं मला." तिने दात-ओठ खाऊन जोड आवळला. "आता कसा घट्ट बसला. डॉक्टर टिकायला हवेत ना! आणि तुम्ही कशाला वर आलात?"

"हवा खायला," माजी अध्यक्ष म्हणाले आणि मोकळे हात त्यांनी खिशात घातले.

खाली कुठेतरी नळ खळखळला. त्यांच्या फोनवर ग्रुपचा संदेश आला: 'डॉक्टर आले आणि पाणी आलं! आभाळाची मर्जी!' पाठोपाठ बायकोने पाना काखेत धरून, आपल्या फोनवरून, हात जोडल्याचं चित्र टाकलं.

"चला," ती म्हणाली, "बॅग कपाटावरून काढायची आहे. माझा हात पुरत नाही तिथपर्यंत."