उर्सरावांची दोन मिनिटं

दोन मिनिटांची शिक्षा भोगायला गेली आठ वर्षं काचेच्या पेटीत बसलेल्या आपल्या जावयाचे पाय धुतल्याशिवाय आपण इथून हलणार नाही, असं चंद्राबाई बर्ग्यांनी तिसऱ्यांदा सांगितलं, आणि सामन्याचं घड्याळ सांभाळणाऱ्या एग्लींनी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. नाही म्हणताना ते दर वेळी उभे राहत होते, टोपी काढत होते आणि परत बसत होते. चंद्राबाईंना या टोपीचाच जास्त राग येत होता. भांडायचं तर माणसानं टोपी घालून भांडावं.

नऊवारीवर लोकरीचा स्वेटर आणि पायांत दोन दोन मोजे घालून त्या बर्फाच्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. पुढ्यात तांब्याची परात, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास आणि मोहिनीच्या स्वयंपाकघरात सकाळीच उकडलेले पुरणाचे धोंडे. पेटीच्या आत उर्स टानर, म्हणजे उर्सराव, शिरस्त्राण घालून, हातात काठी धरून सावरून बसले होते. पायांत पोलादी पात्यांचे बूट होते, ज्यांना तिकडं स्केट म्हणतात. भांडण त्या बुटांवरच अडलं होतं.

बर्फावरच्या हॉकीचा नियम साधा आहे. एखाद्यानं आगळीक केली की त्याला मैदानालगतच्या काचेच्या पेटीत दोन मिनिटं बसवतात आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन खेळतो. उर्सरावांनी केलर नावाच्या गड्याच्या पायात काठी घातली, पंचांनी शिट्टी वाजवली, ते पेटीत जाऊन बसले आणि वरचं मोठं घड्याळ पूर्ण दोन मिनिटं बाकी दाखवून थांबलं. आता हे मैदान ज्या गावात आहे ते उंटरबाख घड्याळांवरच जगतं. घड्याळ गावच्याच कारखान्यातलं. कारखान्याची माणसं आली, खाली उभी राहून मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि त्यांनी सांगितलं की आमचं घड्याळ बंद पडत नाही. बंद पडलेलंच नाही म्हटल्यावर दुरुस्ती कशाची करणार? पुढच्या सामन्यांसाठी शेजारी दुसरं घड्याळ बसवलं. पहिलं उतरवलं नाही, कारण उतरवायचं तर काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.

उर्सरावांची खरी कारकीर्द तिथून सुरू झाली. त्याआधी ते बऱ्यापैकी खेळाडू होते, इतकंच. पेटीत बसल्यापासून त्यांच्याकडून एकही चूक झाली नाही. बरोबरीच्या गड्यांचे दात पडले, गुडघे गेले, एकाचं नाक दोन्ही बाजूंना मोडलं, उर्सरावांना ओरखडा नाही. सर्वांत शिस्तशीर खेळाडू म्हणून त्यांना मिळालेला चषक पेटीच्या झडपेतून तिरका करून आत द्यावा लागला, कारण दाराला कुलूप नसलं तरी शिक्षा संपेपर्यंत ते उघडायचं नसतं. मग त्यांना कप्तान केलं. एका श्रीमंत क्लबानं दुप्पट पगार देऊ केला, पण पेटी काढून नेता येईना आणि उर्सरावांनाही गाव सोडवेना. राष्ट्रीय संघात त्यांची निवड कायमची झाली, आणि परदेशात तो संघ एक माणूस कमी घेऊनच उतरू लागला. उंटरबाखच्या पोरांना तर तसंच खेळायची इतकी सवय झाली की इतर क्लबांचे शिक्षक ती पद्धत शिकायला येतात. उर्सराव बाहेर आलेच तर त्यांना उभं कुठं करायचं, हे आता कुणालाच ठाऊक नाही.

बर्ग्यांची मोहिनी त्याच घड्याळांच्या कारखान्यात नोकरीला गेली होती. कारखान्यातल्या मैत्रिणींबरोबर ती सामना बघायला गेली, पेटीजवळची जागा मिळाली, आणि तो माणूस तिथं रोजच बसलेला असतो असं दिसल्यावर तीही रोज जाऊ लागली. बोलायला दोघांना वेळच वेळ. उर्सराव मराठी शिकले. मग लग्न ठरलं. पेटीत लग्न करू नये असा नियम नव्हता. अंतरपाट धरायची गरज पडली नाही, काच होतीच. फक्त अंतरपाट नंतर काढतात.

चंद्राबाई लग्नाला नव्हत्या, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यातही जाणं जमलं नाही. अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो. त्यात लेक-जावयाला पाटावर बसवून पाय धुवायचे, धोंडे खाऊ घालायचे, तेव्हा कुठं जावई घरचा होतो. त्यांच्या गावात, कोरेगावात, सगळ्यांचे जावई येऊन जेवून गेले. चंद्राबाईंना बायका विचारायच्या, तुमचे परदेशातले कधी येणार? त्या सांगायच्या, दोन मिनिटांत. चौथीतून शाळा सुटलेली, नवरा गेल्यावर पिठाची गिरणी एकटीनं चालवलेली आणि पुड्यांचे कागद वाचून शहाणी झालेली ही बाई. तिला असं उत्तर द्यावं लागणं फार झोंबायचं.

म्हणून या खेपेला त्या स्वतःच आल्या, आणि येताना परतीची दोन तिकिटं काढून आल्या. दुसरं तिकीट मोहिनीचं. पाय धुवून झाले तर ते फुकट गेलं तरी चालेल. नाही झाले, तर माझ्याबरोबर कोरेगावला चल, असं त्यांनी लेकीला आल्या दिवशीच बजावलं होतं. जो माणूस बायकोच्या घरासाठी पायांतले बूट काढत नाही त्याचं लग्न बुटांशी लागलेलं आहे, तुझ्याशी नाही. मोहिनी भांडली नाही, रडलीही नाही. तिनं बॅग भरली. ती बॅग आता पेटीला टेकवून ठेवलेली होती आणि उर्सराव काठीपेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होते.

एग्ली तसे वाईट नव्हते. पेटीशेजारच्या टेबलावर आठ वर्षं बसून तेही मराठी शिकले होते, पण शिकले ते या नवरा-बायकोचं बोलणं कानावर पडून. त्यामुळं अत्यंत गंभीर नियमसुद्धा ते "अहो, ऐकलंत का" अशी सुरुवात करून सांगत, आणि समोरच्यानं ऐकलं नाही की "जा, बोलू नका माझ्याशी" म्हणत. क्लबाच्या अध्यक्षांशी मोहिनीसमोर बोलतानाही ते सवयीनं मराठीत असंच बोलून गेले होते. अध्यक्षांना मराठी येत नसल्यामुळं निभावलं.

"अहो, ऐकलंत का," एग्ली म्हणाले, "पेटीतल्या खेळाडूनं कोणत्याही क्षणी बर्फावर उतरायला तयार असलं पाहिजे. बूट काढले की तो खेळाडू राहत नाही. करार संपला, कप्तानी संपली."

चंद्राबाई म्हणाल्या की संपू द्या, घरी नेते. एग्लींनी समजावलं की तेही जमणार नाही. खेळाडू नसलेल्या माणसाला पेटीत बसता येत नाही, आणि दोन मिनिटं झाल्याशिवाय पेटीतून उठताही येत नाही. अशा माणसाचं काय करायचं, याची नियमांत तरतूद नाही. त्यांनी मग आपल्या परीनं तोड काढली. बूट न काढता बुटांचीच पूजा करावी. पाणी जपून घालावं, पाती गंजतात.

"लोखंडाची पूजा आम्ही दसऱ्याला करतो," चंद्राबाई म्हणाल्या. "हा धोंड्याचा महिना आहे."

मग त्यांनी केलरचं विचारलं. ज्याच्या पायात काठी घातली त्यानंच माफ केलं तर? केलरनं कधीच माफ केलं होतं. खेळणं सोडून त्यानं चीजचं दुकान काढलं होतं आणि दर नाताळाला तो उर्सरावांना चीज आणून देत होता. पण माफी ही केलरची खासगी बाब आहे, तिचा घड्याळाशी संबंध नाही, असं एग्लींचं म्हणणं पडलं. त्यांनी पुन्हा उभं राहून टोपी काढली.

चंद्राबाईंनी लेकीकडं पाहिलं. मोहिनीनं वाकून बॅगेचा पट्टा हातात घेतला.

तेव्हा उर्सराव पहिल्यांदा बोलले. आठ वर्षं त्यांनी कुठल्याही भांडणात तोंड घातलं नव्हतं. शिस्तीचा चषक काही उगाच मिळालेला नव्हता. झडपेशी तोंड आणून ते हळू आवाजात म्हणाले, "आई, मला माझे पाय कसे दिसतात ते आठवत नाही."

मोहिनीच्या हातातून पट्टा सुटला. ती काचेकडं पाठ करून उभी राहिली. एग्लींनी टोपी घातली, काढली, आणि काय करावं न सुचून टेबलावर ठेवली.

चंद्राबाईंचा आवाज एकदम उतरला. गिरणीवर गिऱ्हाईक फारच खोटं बोलायला लागलं की त्यांचा आवाज असाच उतरायचा. एग्लींच्या टेबलासमोरच्या रिकाम्या खुर्चीत त्या बसल्या, गुडघ्यावरून पदर सारखा केला आणि म्हणाल्या की माझं काही म्हणणं नाही, फक्त एक शंका आहे. वरचं हे घड्याळ बरोबर चालतं ना?

एग्ली दुखावले. उंटरबाखमध्ये असला प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. पण बाई परगावच्या होत्या. "अहो, अगदी बरोबर," ते म्हणाले.

"मग आमचे उर्सराव पेटीत येऊन बसले कधी?"

एग्लींनी मान वर करून घड्याळ पाहिलं. पूर्ण दोन मिनिटं बाकी होती.

"आत्ताच," ते म्हणाले.

चंद्राबाईंनी विचारलं, आत्ताच म्हणजे त्या सामन्याचीच संध्याकाळ अजून चालू आहे का? एग्ली म्हणाले, अर्थात. दुसरी कोणती असेल? त्यानंतर वेळ गेलेलाच नाही. त्यांनी हे सरळ मनानं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर ते चंद्राबाईंकडं, परातीकडं, मग मोहिनीच्या पाठीकडं पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते उठायला लागले, पण टोपी डोक्यावर नव्हती, त्यामुळं काढायला काही उरलं नव्हतं.

चंद्राबाई त्यांच्याआधी उठल्या. त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं, कोमट पाणी परातीत ओतलं, पेटीचं दार कोपरानं ढकलून ती परात आत बाकापुढं ठेवली आणि गुडघ्यावर हात रोवून सावकाश खाली बसल्या.

"तुमची इथली त्या सामन्याची संध्याकाळ म्हणजे आमची त्याच दिवसाची रात्र, एग्लीभाऊ, तेव्हा मी आत्ता कोरेगावात गिरणी बंद करून झोपलेली आहे, आणि जी बाई इथं आलेलीच नाही तिला अडवता येत नाही, की तिच्यासाठी काढलेले बूट काढलेले धरता येत नाहीत, ती पोचली की अडवा, उर्सराव, बूट काढा आणि पाय पुढं करा, पाणी निवतंय."