सहाव्या बॅटरीची सही

क्षयरोग रुग्णालयाच्या जेवणगाडीतल्या सहा बॅटऱ्यांपैकी पाच जणींनी नव्या लिथियम बॅटरीला रीतसर पदभार दिला; सहावीने सही करायला नकार दिला.

ही गोष्ट सोमवारी सकाळी साडेनऊला घडली आणि सगळ्यांत आधी कळली ती द्वारका केंगारला, कारण बॅटऱ्यांची झाकणं उघडून त्यांच्याशी बोलायचं काम तिचं होतं. द्वारका ती गाडी अकरा वर्षं चालवत होती. रुग्णालयाचं स्वयंपाकघर टेकडीच्या पायथ्याशी आणि वॉर्ड वर, मध्ये सव्वा किलोमीटरचा चढ. भात, वरण, भाजी, दूध आणि उकडलेली अंडी मागच्या हौद्यात नीट बसवायची आणि दिवसातून तीन वेळा वर न्यायची, हे तिचं काम. सगळ्यांत वरच्या वॉर्डात एक्केचाळीस रोगी होते. दर गुरुवारी त्यांचं वजन घेतलं जाई, आणि ज्याचं अर्धा किलो वाढलेलं असे तो पुढचे दोन दिवस द्वारकाला हात करत असे.

जुन्या बॅटऱ्या सीटखाली होत्या. शिशाच्या, आम्लाच्या, एकेक उचलायला दोन माणसं लागायची. दर शनिवारी द्वारका त्यांत शुद्ध पाणी घालायची. झाकण उघडल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, त्यामुळे शनिवारी त्या आठवडाभराचं बोलून घ्यायच्या. स्वयंपाकी वजन जास्त चढवतो, तिसऱ्या नंबरच्या तारेला पांढरी बुरशी आली आहे, अशा साध्या तक्रारी. द्वारकाच्या तीन साड्यांना आम्लाने भोकं पडली होती, पण त्याबद्दल तिने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

आता त्या सहा जणींच्या जागी एकच लिथियमची पेटी मंजूर झाली होती. ती बसवायला मुजावर नावाचा कारागीर आला होता. काम तसं अर्ध्या दिवसाचं. जुन्या बॅटऱ्या काढायच्या, पेटी बसवायची, चार्जर बदलायचा, मागचा भाग हलका होतो म्हणून तिथे लोखंडी पट्ट्या टाकायच्या. पण पदभार दिल्याघेतल्याशिवाय कोणी जागा सोडू शकत नाही, हा नियम बॅटऱ्यांनाही होताच.

पदभाराचा कागद उकिडव्यांनी तयार केला होता. उकिडवे कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि आजवर त्यांच्या हातून गेलेल्या एकाही कागदावर शेरा आला नव्हता. यादीत तेरा बाबी होत्या: दाब, क्षमता, रोजचं अंतर, चढ, तारा, कड्या वगैरे. प्रत्येक बॅटरीने कागदावर आम्लाचा एक थेंब सोडायचा, ही तिची सही. थेंब कागद खात जाई म्हणून उकिडवे खाली काचेची पट्टी धरत. पाच भोकं ओळीने पडली. सहाव्या जागी कागद कोरा राहिला.

"का गं?" द्वारकाने वाकून विचारलं. "काय झालं?"

"यादी पुरी नाही, अक्का," सहावी म्हणाली. "एक बाब राहिलीय."

"कुठली?"

"थकवा."

उकिडव्यांनी चष्मा पुसला आणि यादी वरून खाली वाचली. "असा रकाना नाही," ते म्हणाले.

"तेच सांगतेय," सहावी म्हणाली. "आम्ही सहा जणी एका माळेत. वरच्या पाच जणींचा थकवा उतरत उतरत माझ्यापाशी येऊन साठतो. अकरा वर्षांचा आहे. तो कुणाच्या तरी ताब्यात दिल्याशिवाय मी जाणार नाही. असा टाकून जाता येत नाही."

मुजावरने फोन काढला. नवी बॅटरी त्याच्या फोनमधून बोलत असे. तिचं बोलणं स्वच्छ आणि नेमकं होतं. "माझ्या नेमणुकीच्या अटींमध्ये थकवा नाही," तिने सांगितलं. "मी शेवटच्या टक्क्यापर्यंत सारख्याच जोमाने काम करते. त्यानंतर बंद होते. मधली अवस्था मला नाही. जी गोष्ट मला ठेवता येत नाही ती मी ताब्यात कशी घेऊ?"

"ती खोटं बोलत नाही," मुजावर म्हणाला. "तिची बनावटच तशी आहे."

उकिडव्यांनी दोघींचं म्हणणं लिहून घेतलं आणि गाडी उभी करून ठेवली.

सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी जेवण डोक्यावरून वर गेलं. स्वयंपाकघरातले पाच जण आणि द्वारका अशा सहा जणांनी पातेली वाटून घेतली. वरच्या वॉर्डात दुपारचं जेवण दीड-पावणेदोनला पोचायचं. भात गार, दूध निम्मं सांडलेलं. बुधवारी भगवान नावाच्या रोग्याने ताट बाजूला सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तो आधीच चौतीस किलोचा होता.

"खा की दादा दोन घास," द्वारका म्हणाली.

"गार भात गिळवत नाही, अक्का. खोकला येतो."

द्वारका तशीच खाली आली आणि थेट उकिडव्यांच्या टेबलासमोर उभी राहिली. ती कार्यालयात सहसा येत नसे. "साहेब, उद्या वजनं हायती," ती म्हणाली. "तुमचा कागद पुरा होईस्तोवर माणसं अर्धी होतील."

उकिडव्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, हेही सहसा होत नसे. मग त्यांनी एक जाड पुस्तक उघडून बराच वेळ वाचलं. पदभार अपुरा असताना गाडी कामावर धाडता येत नाही, पण चाचणी फेऱ्या घेता येतात, आणि चाचणी फेरीत हौदा रिकामाच असावा असं कुठेही म्हटलेलं नव्हतं.

"म्हणजे जेवण भरलं तरी चालेल?" द्वारकाने विचारलं.

"त्याला चाचणीचं वजन म्हणायचं," उकिडवे म्हणाले.

पाच जुन्या बॅटऱ्या तोवर उतरवल्या होत्या. सहावीच्या तारा सोडवल्या, पण तिला सीटखालीच मागच्या कोपऱ्यात तशीच राहू दिली, कारण तिने जागा सोडलेली नव्हती. पुढे पेटी बसवली. गुरुवारी सकाळी द्वारकाने खाली दूध-अंडी भरली आणि पेडल दाबलं, तर गाडी चढावर अशी निघाली की तिला जरा धास्तीच वाटली. अकरा वर्षांत दुसऱ्या वळणानंतर तिला नेहमी पायाखाली एक जडपणा जाणवायचा. तो आलाच नाही. समोरचा चार्ज दाखवणारा काटा भरल्या टाकीसारखा सरळ उभा. दुसरी फेरी मधल्या वॉर्डांची झाली, तीही तशीच. द्वारका हसली. मुजावर शेजारी बसला होता, तोही हसला.

तिसऱ्या फेरीत वरच्या वॉर्डाचं दुपारचं जेवण होतं. काटा अजून सरळ होता. शेवटच्या वळणावर, अगदी मध्यावर, गाडी बंद पडली. दमली नाही, मंदावली नाही. दिवा मालवावा तशी थांबली, आणि मग उलटी उताराला लागली.

द्वारकाने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि हाताचा ब्रेक ओढला. मुजावर उडी मारून मागे धावला आणि चाकाखाली दगड सरकवला. वरणाचं पातेलं कलंडून रस्त्यावर पिवळा ओघळ वाहत गेला. गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. कठड्यापलीकडे कपडे धुण्याचे हौद होते आणि तिथे दोन बायका चादरी पिळत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि पिळायच्या थांबल्या.

द्वारकाने हाताचा ब्रेक आणखी एकदा ओढून पाहिला. ती खाली उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसली.

"काटा जुन्या जातीचा आहे, अक्का," मुजावर म्हणाला. "हिचा दाब शेवटपर्यंत पडत नाही, म्हणून काट्याला काही कळत नाही. नवीन आकड्यांचा मीटर लागतो. तो वेगळा मंजूर व्हायचाय."

"आन् आधीच्या सहा जणी?"

"त्या दमायच्या. तुमच्या पायाला कळायचं."

फोनमधून नवी बॅटरी म्हणाली, "झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे. मी पूर्ण क्षमतेने काम केलं."

मागच्या कोपऱ्यातून सहावी काहीच बोलली नाही, कारण तिचं झाकण बंद होतं. द्वारकाने उठून ते उघडलं.

"तेवढ्यासाठीच म्हणत होते," सहावी म्हणाली. "तो थकवा टाकाऊ नव्हता, अक्का. त्याच्या जोरावर तू वेळेवर मागे फिरायचीस."

दुपारी गाडी दोरीने खाली आणली आणि चौघं पुन्हा बसले: उकिडवे, द्वारका, मुजावर आणि मुजावरच्या फोनमध्ये नवी बॅटरी. सहावीला टेबलाजवळ एका पाटावर ठेवलं होतं. उकिडव्यांनी यादीत चौदावी बाब स्वतःच्या हाताने लिहिली: थकवा, अकरा वर्षांचा, एक नग. मग ते म्हणाले, "येणारी ही बाब घेऊ शकत नाही. जाणारी ती ठेवून जाऊ शकत नाही. अशा वेळी त्याच कामावरचा तिसरा कर्मचारी ती आपल्या नावावर घेऊ शकतो. तशी तरतूद आहे."

त्याच कामावर तिसरं कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"जड असंल?" द्वारकाने सहावीला विचारलं.

"रोज सारखा नसतो," सहावी म्हणाली. "गाडी पुरी चार्ज असली की हलका. रिकामी होत आली की गुडघ्यात येतो, मग खांद्यांत. चार्ज झाली की उतरतो. तुला तो नवीन नाही. अकरा वर्षं तू तो पायाने ओळखलास."

"माझा सोताचा हाय त्याचं काय? तो आन् ह्यो एकात मिसळला तर?"

उकिडव्यांनी हा मुद्दा योग्य असल्याचं मान्य केलं. दोन्ही थकवे वेगळे ठेवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची राहील, असं त्यांनी खाली लिहिलं. मग थोडं थांबून आणखी एक ओळ घातली: शंका आल्यास दोन्ही गाडीचेच समजावेत आणि कर्मचाऱ्यास बसू द्यावं.

द्वारकाने ती ओळ दोनदा वाचायला लावली. तिला सही येत होती. तिने सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं काढत, पूर्ण नाव लिहिलं. तिच्या शेजारी सहावीने थेंब सोडला. कागदाला सहावं भोक पडलं, आणि उकिडव्यांनी वर लिहिलं, मध्यान्होत्तर पदभार पूर्ण.

सही करून उभी राहताना द्वारकाने टेबलाची कड धरली. तिचा चेहरा उतरला होता. मुजावरने पाणी आणलं. ती थोडं प्यायली आणि उरलेलं शुद्ध पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून म्हणाली, "हिलाबी द्या की शेवटचं." मग तिने स्वतःच सहावीची सगळी घरं काठोकाठ भरली.

"एवढं नको," सहावी म्हणाली. "आता कुठं चढायचंय."

"असू दे," द्वारका म्हणाली आणि झाकण लावलं.

आधीच्या पाच बॅटऱ्या दोन-दोन माणसांनी टेम्पोत चढवल्या होत्या. सहावी मुजावरने एका हाताने उचलली आणि काखेत घेऊन गेला.

त्यानंतर जेवण वेळेवर जाऊ लागलं. पेटी लवकर चार्ज होई, गाडी जोरात चढे, काटा सदा सरळ राही आणि त्याच्याकडे कोणी बघत नसे. सगळे द्वारकाकडे बघत. ती पातेली उचलताना ताठ असली तर वरच्या वॉर्डापर्यंत जाऊन यायला हरकत नव्हती. तिला जांभई आली, गुडघ्यावर हात गेला, की स्वयंपाकी भरलेलं पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायचा आणि मुजावरने बसवलेल्या चार्जरची पिन लावायचा. पहिल्या महिन्यात एकदाच चूक झाली. पिन लावून तीन तास झाले तरी द्वारकाला उभं राहवेना, आणि मग लक्षात आलं की तिला ताप आहे. उकिडव्यांनी कागद काढून शेवटची ओळ पाहिली आणि तिला दोन दिवस घरी बसू दिलं. भगवान सदतीस किलोचा झाला. मीटर मंजूर झाला नाही. त्याची गरज उरली नसल्याचं कार्यालयाने कळवलं.

रविवारी द्वारकाची साप्ताहिक सुट्टी असे आणि गाडी बदली चालक नेई. अशाच एका रविवारी ती बारा किलोमीटरवरच्या तिच्या गावी, अंगणात ज्वारी निवडत बसली होती. सूप अर्धं झालं होतं. सव्वाअकराच्या सुमाराला तिचे गुडघे जड झाले, मग खांदे. तिने सूप खाली ठेवलं आणि सुनेला हाक मारली.

"माझा फोन आण गं. बदलीवाल्याला लाव."

सुनेने फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"कुठं हायसा?" द्वारकाने विचारलं. "मधल्या वॉर्डापाशी? मग तिथनंच फिरवा. वर जाऊ नका. हो, काटा सरळ असंलच. खाली आणा आन् पिन लावा."

पलीकडून तो बरं म्हणाला. सुनेने आतून उशी आणून दिली. द्वारका ओसरीवर भिंतीला टेकून पडून राहिली, डोळे उघडे ठेवून. सून तिच्यासाठी थांबली नाही, तिने भाकऱ्या करून घेतल्या. अडीच तासांनी द्वारकाच्या खांद्यांतला जडपणा गेला, मग गुडघ्यांतला. ती उठली, तोंड धुतलं, आणि उरलेली ज्वारी निवडायला बसली.