द्वारकाबाईंचा मध आणि ‘नंतर’ची दोरी

एका जंगलात, बाळांनो, जंगलाकडे कुणी बघतच नसे. का? तर प्रत्येकाच्या घरी सुगरणीने विणलेली एक खिडकी होती. तिच्यात बसल्या जागी अख्खं जग दिसे. अरे ए, मागच्या रांगेतल्या, तो मोबाईल खिशात घाल आधी! तुझ्याचबद्दल चाललंय.

तर तिथे द्वारकाबाई नावाची एक अस्वलीण होती. तिच्या लेकीचं, शेवंताचं, लग्न तोंडावर आलेलं. वऱ्हाडी मधाशिवाय पानावर बसणार नव्हते, तशी बोलीच झाली होती. बाईंनी उन्हाळाभर माश्यांचे डंख सोसून रांजणभर मध साठवला होता. रांजण खिडकीखालीच ठेवला होता.

एके सकाळी सुगरण धापा टाकत आली आणि ओरडली, “ऐका हो ऐका! माझ्या विणीत भोक राहिलंय! प्रत्येक खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात, खाली. तिथली काडी ओढली की अख्खी खिडकी निघून हातात येते! आजच्या आज ठिगळ लावून घ्या. ‘आत्ता’ची दोरी ओढा, मी लगेच हजर!”

प्रत्येक खिडकीला दोन दोऱ्या होत्या. ‘नंतर’ची दोरी ओढून ओढून गुळगुळीत झाली होती. ‘आत्ता’च्या दोरीवर एका कोळ्याने संसार थाटला होता. त्याची नातवंडंही तिथेच जन्मली.

सुगरण बिचारी दारोदार फिरली.

“द्वारकाबाई, खिडकी जरा मिटा. ठिगळ लावते, की लगेच उघडा.”

“मिटू? अगं, एका कप्प्यात शालू बघतेय, एकात मांडववाला, एकात व्याह्यांची चौकशी चाललीय. मिटल्यावर हे कप्पे परत येतील?”

“बहुतेक येतील.”

“बहुतेक म्हणे! जा बाई तू. लग्न उरकलं की बघू.” आणि बाईंनी ‘नंतर’ची दोरी ओढली.

माकड म्हणालं, मागच्या ठिगळापासून खिडकी कुरकुरते. सिंहमहाराजांनी ‘सर्वांनी ताबडतोब ठिगळ लावावे’ असा हुकूम काढला, स्वतःची ‘नंतर’ ओढली आणि झोपले.

सुगरणीचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं ते फक्त भिकोबा कोल्ह्याने. हात जोडून त्याने विचारलं, “ताई, डावा कोपरा म्हणजे आतून डावा की बाहेरून?”

“बाहेरून हो, भिकोबा! किती चौकस तुम्ही!” सुगरणीला भरून आलं. तिने कुठली काडी, कशी ओढायची, सगळं करून दाखवलं. भिकोबाने आधी स्वतःच्या खिडकीला ठिगळ लावून घेतलं. मग तो जरा फिरून येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंची खिडकी अंगणात आणि रांजण गायब!

“आता वऱ्हाडाला काय वाढू? माझ्या पोरीचं लग्न मोडलं हो!” बाईंनी हंबरडा फोडला.

सभा भरली. सगळे सुगरणीवर तुटून पडले. “भोक आहे हे बोललीसच कशाला? इतके दिवस होतंच की! झाला होता का कुणाला त्रास?”

सिंहाने विचारलं, “ठिगळ कुणी लावलंय?” एकट्या भिकोबाने. झालं! शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. जागरूकतेवर तो इतका वेळ बोलला की हत्तीला डुलकी लागली. शेवटी गहिवरून म्हणाला, “द्वारकाबाईंची लेक ती माझीच लेक. तिच्या लग्नाला माझ्याकडून अर्धा रांजण मध!”

टाळ्याच टाळ्या. बाईंनी डोळे पुसले, त्याने तिथेच पुढे केलेल्या रांजणात बोट बुडवून चाटलं आणि किंचाळल्याच. “महाराज! अहो, हा माझाच मध! माझ्या जांभळीवरच्या पोळ्याचा!”

महाराज तोवर आपल्या खिडकीत डोकं घालून बसले होते. मान न वळवता म्हणाले, “नंतर.”

लग्न अर्ध्या रांजणात कसंबसं उरकलं. व्याही अजून फुगलेले आहेत. पहिल्या पंगतीला भिकोबा होता.

तात्पर्य : बाळांनो, सूचना कान देऊन ऐकावी, शंका विचारावी आणि काम वेळच्या वेळी करावं. भिकोबाने हेच केलं. बघा, कसं कल्याण झालं त्याचं!