गाळबेट राखिले त्याची हकीकत

सकळ थोर वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, शहरामधोमध नदीत गाळाचे बेट आहे, ते कैसे उपजले आणि बुडता बुडता कैसे वाचले, ते तिखटमीठ न लावता लिहिले आहे. चिमूटभर लागले असल्यास माफी असावी.

पूर्वी पुलाखालील गाळ उपसण्याची कामगिरी यंत्रवाले काका यांजकडे जाहली. मग काकांनी पहिली बादली डाव्या तीरी नेली, तो बागेचे सरदार आडवे आले की, फुलांस वास लागेल. उजव्या तीरी नेली, तो बाजाराचे किल्लेदार गरजले की, गिऱ्हाईक पळेल. आणि जेवणाची सुट्टी तोंडावर, बादली अधांतरी! मग काकांनी खाशी मसलत करून गाळ मध्यधारेत ओतिला, आणि तोच शिरस्ता पडला, आणि वर्षे लोटली, आणि गवत माजले, आणि बदके वतनदार जाहली, आणि काकू रविवारी होडीने येऊन तेथे डबा उघडू लागल्या. काकांस अभिमान बहुत. जन्मभर उपसले, त्याचे दाखवावयास काय, तर खड्डा, तोही पाण्याखाली! हातून उभे राहिलेले एवढे एकच.

ऐशास नवे पूलसाहेब आले. त्यांनी नकाशा पाहिला, नदी पाहिली, आणि फर्माविले की, नकाशात नाही ते नदीत नको. ज्याने घातले त्यानेच काढावे. काकांस अन्न गोड लागेना. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, आयुष्यभर काढतच आलात. एक तरी ठेवा की!" पण हुकूम तो हुकूम.

दुसरे दिवशी साहेबांची स्वारी छत्री व कारकून ऐशा सरंजामानिशी काकांच्या यंत्राच्या तराफ्यावर दाखल जाहली. काकांनी जड हाताने बेटाची पहिली बादली भरिली आणि डावे तीर गाठिले, तो सरदार आडवे. उजवे गाठिले, तो किल्लेदार आडवे. हुकूमनामा दाखविला, कोणी भीक घालीना. मग काकांचे ध्यानी आले की, ज्यांस जन्मभर शिव्या मोजिल्या, तेच आज आपले मित्र! मग काकांनी घाई सोडिली, आणि पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि यंत्राची टांगती बादली साहेबांचे मस्तकी ठिबकू लागली, आणि कारकून छत्रीखाली सरकले, आणि साहेब उघड्यावर पडले. अखेर साहेबांनी तोंड पुसून निर्वाणीचा हुकूम सोडिला की, गाळ होता तेथे टाकावा, नकाशात ठिपका द्यावा, आणि आम्हांस आधी घरी पोचवावे.

काकांनी गाळ ऐसा हळुवार ठेविला की, एकही बदक उठले नाही.

मोहीम फत्ते जाहली. नवा नकाशा घरी आला, आणि काकूंनी ठिपक्यावर बोट ठेविले आणि म्हणाल्या, "हे तुम्ही केलंत." काकांस रडू आवरेना. बेट राखिले, म्हणौन लिहून ठेविले असे.