वॉफलमध्ये गेलेलं विरजण

एस्किलने फ्रिजमध्ये ठेवलेलं दह्याचं पातेलं ओट्यावर धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि शेजारी होकन वॉफलचं पीठ घोटत उभा होता.

"होकन, यात दही होतं."

"होतं ना. दह्याशिवाय वॉफल कुरकुरीत होत नाहीत. तुझं होतं का? नाव नव्हतं त्यावर."

नाव नव्हतं हे खरंच होतं. एस्किल "हरकत नाही" म्हणाला आणि खुर्चीत बसला. उत्तर स्वीडनमधल्या या उमेओ शहराची माणसं असं म्हणतात तेव्हाच हरकत सगळ्यात मोठी असते, हे होकनला ठाऊक होतं. जीवशास्त्रातून धंदा उभारणाऱ्यांना हात देणाऱ्या या केंद्राचा तो व्यवस्थापक. असे पडलेले चेहरे त्याने पुष्कळ पाहिले होते. त्यात आज वॉफलचा सण, घरोघरी वॉफल करून खायचा दिवस.

ते दही साधं नव्हतं. चमच्याने उचललं की दोरीसारखी तार धरायचं. पाणी पितानाही ठसका लागणाऱ्या आजारी माणसांसाठी या तारेपासून पेय दाट करणारी पूड बनवायची, असं एस्किलने मनाशी ठरवलं होतं. त्यापायी तो दोन वर्षं नॉर्वेच्या सीमेपर्यंतचे गोठे पालथे घालत, विरजणं मागत फिरला होता. आज केंद्राची निवड समिती दही पाहणार होती. तिने मान डोलावली तर केंद्रात जागा, नाहीतर पुन्हा शाळेत मुलांना बेडूक शिकवायचे. विरजण प्रयोगशाळेत शाबूत होतं, पण दही लागायला रात्र जाते आणि समिती तर जिन्यात पोचली होती.

कॉफीआधी कामाला हात घालायची इथे रीत नाही. समितीच्या प्रमुख गुनवोरबाई आल्या आल्या वॉफलच्या वासाने स्वयंपाकघरात शिरल्या. जाम लावून त्यांनी एस्किलचं संशोधन चवीने खाल्लं आणि आणखी मागितलं. एस्किल हताशपणे बघत राहिला. तेवढ्यात होकन सायकलवरून घरी जाऊन एक डबा घेऊन आला.

"सासूबाईंचं दही. दर रविवारी देतात. घरात कुणी तोंड लावत नाही, पण नको म्हणायची माझी छाती नाही."

"मग वॉफलमध्ये हेच का नाही घातलंस?"

"फार चिवट आहे रे. पीठ पळी सोडत नाही."

एस्किलला खोटं बोलणं जमत नसे. त्याने समितीला सरळ सांगून टाकलं, की माझं दही मघाशी तुमच्याच पोटात गेलं. हे उसनं आहे, तार कशी असते एवढंच दाखवतो. गुनवोरबाईंनी काटा खाली ठेवला. एस्किलने पळी उचलली. तार निघाली. तो हात वर नेत गेला, टाचा उंचावल्या, शेवटी खुर्चीवर चढला, तरी तार तुटेना. त्याच्या स्वतःच्या दह्याची मजल कधी कोपरापलीकडे गेली नव्हती.

"जागा दिली," गुनवोरबाई म्हणाल्या, "पण काम या विरजणावर करायचं. तुझं वॉफलला उत्तम आहे."

दोन वर्षांची पायपीट अशी एका वाक्यात निकालात निघाली, तरी जागा मिळाल्याच्या आनंदात एस्किलला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्याने लगेच होकनच्या सासूबाईंना फोन लावून, केंद्रातून बोलतोय एवढंच म्हणून, नाव न सांगताच, विरजण वापरायची परवानगी मागितली.

"ने की, पण ते माझं कुठलं? मी बुर्ट्रेस्क गावच्या इंगेगेर्डकडून आणलं. हात मोकळा आहे तिचा, मागेल त्याला देते. तिचा मुलगा तुमच्याकडेच काहीतरी जंतूंचं काम करतो म्हणे. एस्किल नावाचा. ओळखतोस का?"

एस्किल ओळखत होता. त्याने फोन ठेवला आणि आईला लावला.

"अगं, आपल्या दह्याची तार एवढी लांब जाते, मला कधी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला दुसरं कुठलंतरी हवंय. आपलं बघून तर तू लहानपणी टेबलाखाली लपायचास."

"आता विरजण देशील ना?"

"देईन की. रविवारी ये. पण आधी माझ्यासमोर बसून वाटीभर खायचं, आणि वाटी चाटूनपुसून साफ झाली पाहिजे."

आजवर घातल्या गेलेल्या सगळ्या अटींमध्ये एस्किलला ही सर्वांत अवघड वाटली.