दारावरची पाच वाक्यं

गुरुवारी सकाळी सात वाजता लखीरामने मुलीला फोन करून जाहीर केलं, की दिवाळीपर्यंत आपण इंग्रजीत भांडू शकू.

"कोणाशी भांडशील, बा?" वर्षाने डबा भरता भरता विचारलं.

"भेटनच कोणी ना कोणी. तुह्यं कालचं शिकवलेलं जमलं मले. दोन कामाचे शब्द म्हणजे दोन बैल, अन् मधातला माणूस म्हणजे जू. जू ठेवलं का वाक्य चालते. कलेक्टरवर करून पाह्यलं."

कलेक्टर म्हणजे त्याचा डाव्या अंगाचा बैल. उजव्याचं नाव तलाठी.

"मग?"

"'मेक हिम रन' म्हटलं, तर थो खाली बसला. त्याची शाळा नाही झाली, त्याले काय बोलू?"

वर्षा यवतमाळला एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायची. पहिला तास तिचाच होता. "पाच वाक्यं स्वतःच्या मनानं लिहून ठेव, रविवारी येऊन पाहते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी पहाटे बैलांना पाणी दाखवून लखीराम गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकला आणि पुन्हा उठला नाही. केळापूर तालुक्यातल्या त्यांच्या बंजारा तांड्यात वर्षा रविवारऐवजी शुक्रवारीच पोचली.

तिसऱ्या दिवशी तिचा चुलतभाऊ बादल बैलांसाठी सरकीची ढेप काढायला कापसाच्या खोलीत गेला आणि तसाच रिकाम्या हातांनी बाहेर आला. दाराच्या आतल्या बाजूला खडूने पाच ओळी लिहिल्या होत्या, इंग्रजीत. खाली सही, आणि तारीख गुरुवारची. सही करता यायला लागल्यापासून लखीराम ढेपीच्या पोत्यावरसुद्धा सही करायचा. पण ते आता कोण लक्षात घेतो?

हरिसिंगकाका म्हणजे लखीरामचा धाकटा भाऊ आणि तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक. गेलेल्या माणसाची इच्छा बाराव्याच्या आत पुरी करायची, या नियमाचा तो फार कडक. आजवर इच्छा सोप्या असायच्या. कोणाला जिलबी हवी असे, कोणाला रुसलेल्या जावयाचं तोंड पाहायचं असे. लेखी इच्छा, आणि तीही इंग्रजीत, तांड्यात पहिल्यांदाच आली होती.

पोरीला दुःखात त्रास नको, आणि बादलचं पांढरकवड्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून इंग्रजी त्याच्याकडे. त्याने दारासमोर उभं राहून वाचलं, "लेट हिम ईट. त्याले खाऊ द्या."

"काका, तो अभ्यास आहे," वर्षा म्हणाली.

"सहासष्ट वर्षाचा माणूस अभ्यास करते? अन् देल्ला कोणं?"

वर्षाने तोंड उघडलं आणि मिटलं. मी दिला म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार होता, कशाला दिलास म्हणून.

पहिली इच्छा तलाठी बैलाबद्दलची, असं ठरलं, कारण लखीरामचा त्याच्यावर जीव होता. दिवसभर जो येई तो त्याला ढेप चारी. संध्याकाळी बैलाचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ही इच्छा बैलाची दिसत नाही.

दुसरी होती, तिला गायला लावा. ती म्हणजे लखीरामची बहीणच असणार, वर्षाची आत्या. सत्तर वर्षांच्या मैनाबाई फुफीने घसा बसलेला असताना दोन तास गाणी म्हटली. शेवटी शेवटी ती फक्त ओठ हलवत होती आणि बाया अंदाजाने रडत होत्या.

तिसरं वाक्य वाचताना बादलचा आवाज बारीक झाला. "त्याले पळवा."

"कोणाले?"

"असंन कलेक्टर."

"बैलाले कायले पळवीन थो? भाऊ तुलेच म्हणे, बादल लय सुस्त झाला." नायकाने निकाल दिला. बादल पहाटे तांड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत पळाला. मागून मोटरसायकलवर हरिसिंगकाका होता, इच्छा अर्धवट राहू नये म्हणून.

चौथं वाक्य, मला चालायला मदत करा. ते ऐकून सगळेच हळवे झाले. लखीरामच्या वहाणा पुसून शेताच्या वाटेकडे तोंड करून ठेवल्या. सकाळी एकच उरली.

"भाऊ एका पायानं गेला," मैनाबाई म्हणाली.

"कुत्र्यानं नेली, फुफी," बादल म्हणाला.

"तू पाह्यलं काय?"

वर्षाला हसू येत होतं, आणि हसल्यावर काय होईल याचा भरवसा नव्हता. गोंधळ असा, की आता तिलाच शंका येऊ लागली होती. शब्द बाने स्वतः निवडले होते. इतक्या शब्दांतून त्याने हेच का घेतले? ती एकटीच त्या दारापुढे जाऊन उभी राहिली. अक्षरं गोल होती. चूक एकही नव्हती.

दहाव्या दिवशी हरिसिंगकाकाने पाचवी ओळ वाचायला लावली. "लेट हर गो. तिले जाऊ द्या."

"वहिनीच," काका म्हणाला. "भाऊले माहीत होतं, मांगं एकटी राहीन. पोरीकडं यवतमाळले जाऊ द्या म्हणते थो. उद्या जीप सांगतो. घराले कुलूप लावू."

वर्षाची आई चंदाबाई आत गेली आणि पेटी भरायला लागली. चाळीस वर्षांत ती दोन रात्रींच्या वर तांड्याबाहेर राहिली नव्हती. वर्षाच्या फ्लॅटमध्ये तिला श्वास लागायचा.

"याडी, तुले यायचं हाये काय?" वर्षाने विचारलं.

"नाही. पण तुह्या बानं लिहिलं. आता मी काय म्हणू?" तिने लुगड्याची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

वर्षा ओसरीवर आली. सगळे बसले होते. "याडी कुठंच जाणार नाही. ती इच्छा नाही, काका. मी अभ्यास दिला होता. रोज फोनवर शिकवत होती मी त्याले."

"म्हणजे मी फुकट पळालो?" बादलने विचारलं.

"पळाला थे बरं झालं," मैनाबाई बसक्या आवाजात म्हणाली. "मह्या गळ्याचं सांग."

हरिसिंगकाका मात्र हलला नाही. "थांबा. बाई, आपल्या गोठ्यात इंग्रजीचं काय काम? कायले शिकवलं त्याले?"

चंदाबाई हातात लुगडं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

"शाळेच्या कार्यक्रमाले आला होता थो," वर्षा म्हणाली. "आमच्या मॅडमले आल्या आल्या 'थँक यू' म्हणाला. सगळे हसले. मीही हसली. घरी आल्यावर त्याले म्हटलं, टाइमपास म्हणून शीक." मग ती काकाकडे न पाहता कापसाच्या खोलीकडे वळली आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बा, मले तुह्यी लाज वाटली होती."