तिसऱ्या ‘येते’ची घोडी

तांबडी नांगराच्या परीक्षेत पास झाली. खोगिराच्याही. आता तेवढी गाडी राहिली होती, आणि मालकाला धास्ती होती ती तिचीच.

या जुन्या जातीची गंमतच ती. एकच घोडी नांगर ओढते, पाठीवर माणूस नेते आणि गाडीलाही चालते. अशा घोड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. म्हणून संस्थेचा नियम कडक होता. जिला तिन्ही कामं येतील, तिचीच शिंगरं अस्सल मानायची. तांबडी ही तबेल्यातली शेवटची घोडी. ती नापास झाली, की आजोबांपासून जपलेला वंश तिथेच संपणार.

नांगर आणि खोगीर मालकाकडे असायचं. गाडी मात्र बायकोची. रोज अंडी-लोणी घेऊन ती गावात फेरी मारायची. गेल्या हिवाळ्यात ती गेली, तेव्हापासून छपराखाली उभी असलेली गाडी आज बाहेर निघाली होती.

“बाबा, गावातून एक फेरी मारून यायचं, बस,” मुलगी म्हणाली. “आणि बाईंशी जरा बोला. तोंडात मिठाची गुळणी धरून बसू नका.”

परीक्षक बाई शेजारी बसल्या. तांबडी झोकात निघाली, वळण घेतलं आणि शिंपीणकाकूंच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

“चल,” मालक म्हणाला. तांबडीने नुसता कान हलवला.

“तुम्ही थांबवलंत?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“विचार करत असेल.”

तेवढ्यात दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी अशा काकू बाहेर आल्या. टाचणी काढून म्हणाल्या, “अगोबाई, भाऊजी! वाट चुकलात का?”

मालकाने मान खाली घातली. बायको गेली तेव्हा याच काकूंनी कितीतरी दिवस जेवणाचा डबा पाठवला होता. रिकामे डबे त्याने मुलीच्या हाती परत केले आणि नंतर हा रस्ताच टाळला. आभार कसे मानायचे, तेच त्याला सुचत नव्हतं. ते खातं बायकोचं होतं.

“डब्यांचं सांगायचं राहिलंच,” तो म्हणाला. “फार आधार झाला.”

“त्यात काय एवढं! मीठ जास्त पडायचं ना?”

“पडायचं.”

“वहिनीसुद्धा असंच तोंडावर सांगायच्या!” काकू खूश झाल्या.

“बरं, येतो.” त्याने लगाम हलवला. तांबडी ढिम्म.

“एका ‘येतो’ने कशी हलेल? वहिनी पहिल्यांदा ‘येते’ म्हणाल्या, की मी चहा टाकायचे. दुसऱ्यांदा म्हणाल्या, की खऱ्या गप्पा सुरू. तिसऱ्यांदा म्हणाल्या, की मग घोडी निघायची.”

“येतो, येतो, येतो,” मालकाने एका दमात उरकलं.

तांबडीने मागचा पाय सैल सोडला, म्हणजे मुक्कामच.

“अहो, मधे बोलायला लागतं!”

मग मालक बोलला. काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली, चहा घेतला, दाराच्या नव्या रंगाला बरं म्हटलं. शेवटचं ‘येतो’ तोंडातून निघतंय तोच गाडी हलली.

पुढे बेकरीवाला. मालक दवाखान्यात बायकोपाशी बसून असायचा, तेव्हा तबेल्यातलं चारापाणी याने केलं होतं. त्याला तीन ‘येतो’ लागले. मग रिटायर मास्तर. बायको गेल्यावर ते रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता नुसते शेजारी बसायचे. त्यांच्याकडे पहिल्या दोन ‘येतों’च्या मधेच ऊन उतरलं. गाडी भरत चालली होती. बाईंच्या मांडीवर पाव, भोपळा आणि काकूंनी शिवलेली उशी होती.

“नापासच ना?” मालकाने हळूच विचारलं.

“अजून घर यायचंय,” बाई भोपळा सावरत म्हणाल्या.

घर आलं. तांबडी स्वतःच्याच फाटकाशी थांबली. मालकाने आता शहाणपणाने, मधे हवापाण्याच्या गप्पा घालून, तीनदा ‘येतो’ म्हटलं. तांबडी गावाकडे तोंड करून वळायला लागली.

“अगं, परत कुठे?” त्याने घाईने लगाम ओढला.

मुलगी फाटकाशी हसत उभी होती. “बाबा, आई फेरीवरून आली की तुम्ही आतून काय ओरडायचात?”

“बाई आहेत गं समोर.”

“असू देत. ओरडा.”

मालकाने घसा खाकरला. “आलीस? मला वाटलं, आता तिकडेच राहतेस!”

शेवटचा शब्द जरा ओला निघाला. तांबडीने मान उडवली आणि सरळ फाटकातून आत जाऊन तिच्या जागेवर उभी राहिली.

बाईंनी मांडीवरचा भोपळा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “एवढ्या दिवसांनीही शिकवलेलं काही विसरली नाही. घोडी पास. गाडीवाला कच्चा आहे. त्याला रोज एक फेरी हवी.”

मालकाने तांबडीच्या मानेवर हात ठेवला. बायकोने जाताना गाव असं घोडीच्या पायात बांधून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताच नव्हता.

बाई उतरल्या, पदर झटकला. “बरं, येते मी.”

मालक मुलीकडे वळला.

“चहा टाक.”